करुणाच्या टेपमधला धडा

दौंड

चि. धम्मदीप यास,
सोजरताईचा जयभीम. तुझी पोर करुणा सुखरूप आहे, हे आधी वाच.

शनिवारी सकाळी स्टोवर चहा होता आणि नळाला पाणी आलं म्हणून मी हंडे भरत होते. करुणा भाकरी थापत होती. टेपवर तिच्या मुक्त विद्यापीठाचा धडा चालू होता. पुढचं वाक्य माझ्याच तोंडून निघालं, तेव्हा ध्यानात आलं की आठवडाभर ती तीच कॅसेट लावते आहे.

"अगं, हा धडा सरत का न्हाई?"

"कळतच न्हाई, आत्या. विचारू कुणाला, टेपला?" ती हसली. मीही हसले.

दुपारी तुझं पत्र आलं. माझे हात कामात होते म्हणून, नापास झाली तर लग्न लावून देतो, हे तिनंच मला वाचून दाखवलं. संध्याकाळी ती रेल्वेच्या पुलावर कठडा धरून उभी असलेली सापडली. मी तिला हात धरून घरी आणलं, जेवू घातलं. पोर गप्प गप्पच होती; तुझे दाजीही जाण्याआधी शेवटी शेवटी असेच गप्प झाले होते.

मी तुझ्या पाटीवरून वाचायला शिकले, पण शेजारी तू होतास. हिच्या शेजारी नुसता टेप आहे.

आईचा खोकला थांबला का? तिला यातलं सांगू नकोस. लग्नाचंही पुन्हा लिहू नकोस.

विद्यापीठाच्या केंद्रावर फक्त रविवारी तास असतो, आणि करुणा कायम मागं बसते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी कामावर खाडा केला, तिला घेऊन पहिल्या बाकावर बसले आणि सरांना तो धडा पुन्हा शिकवायला लावला.

तुझी,
सोजरताई