झाडाची गाठ

माय, गेल्या महिन्यात तुझ्या धाकटीनं माझ्यापुढं एक डबा ठेवला. वर भूछत्राचं रंगीत चित्र, खाली मोठ्या अक्षरात ‘प्रतिकारशक्ती वाढवा, कर्करोगाला हरवा’. छातीतली गाठ कुणाला न दाखवता बाईसाहेब दिवाळीपासून त्यातल्या गोळ्या गिळत होत्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. डबा मी अंगणात भिरकावला, तर ती माझ्यावरच उखडली. “अगं, तू सांगतीस तीच प्रोटीनं हायत की त्यात!” त्या डब्यापेक्षा हे वाक्य मला जास्त झोंबलं.

कारण तुझी गाठ मला आठवते. दुष्काळाच्या वर्षी मुरुम गावच्या रस्त्यावर तू खडी फोडायचीस, मी पाटी भरायचे. एक दिवस तू छातीवर हात ठेवून म्हणालीस, “खडीचा तुकडा उडून लागलाय, बसंल आपोआप.” सोबतच्या बायांनाही तेच वाटलं, कारण खडीचा मार कुणाला लागला नव्हता? दुष्काळ सरला, खडी सुटली, पण गाठ गेली नाही. दवाखान्यातल्या नर्सबाईनं हात लावून स्पष्ट सांगितलं, “हा मार नव्हं. सोलापूरला जावा, उशीर करू नका.” तू पदर सावरून उठलीस. “तिथं कापून टाकत्यात म्हणे!” एवढंच बोललीस, आणि घरी येऊन भाकरी थापायला बसलीस.

शिकल्यासवरल्या नर्सबाईचं ऐकलं नाहीस आणि तुळजापूरच्या बसस्टँडवर पत्र्याची पेटी मांडून बसलेल्या भामट्याचं ऐकलंस! आंब्याच्या जुन्या खोडावर वाढलेलं, वाळून लाकूड झालेलं भूछत्र त्यानं तुझ्या हातात ठेवलं. “मावशी, ही झाडाची गाठ हाय. झाडाची गाठ माणसाची गाठ खाती. दुधात उकळून घ्या.” दुधात, माय! घरातलं सगळं दूध सोसायटीच्या कॅनमध्ये जायचं, आम्ही लेकरं काळा चहा प्यायचो. तुझ्यासाठी बाबांनी दूध मागं ठेवायला सुरुवात केली. रोज चुलीवर ते उकळायचं, घरभर ओल्या लाकडाचा वास. तू डोळे मिटून प्यायचीस आणि हसायचीस, “लई कडू हाय गं. म्हंजे गुणाचं असंल.”

तू गेल्यावर बाबा त्याला शोधत तुळजापूरला गेले. मुडदा बशिवला त्याचा, तो त्याच जागी बसून दुसऱ्या एका बाईला तेच सांगत होता. बाबांनी पेटी लाथाडली, तर लोकांनी बाबांनाच धरून बाजूला केलं.

पुढं मी याच भूछत्रांवर प्रयोगशाळेत उभा जन्म घातला. त्यातली काही प्रथिनं काचेच्या ताटलीत रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जागं करतात, कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतात. खरं आहे ते, मी डोळ्यांनी पाहिलंय. पण ताटली म्हणजे माणूस नव्हे. ती प्रथिनं उकळली की बहुतेक बिघडतात, गिळली तर पोटात डाळीसारखी पचून जातात. त्यांच्यानं माणसाची गाठ बरी होते, असं ठामपणे म्हणण्याजोगं माझ्या हाती काही लागलं नाही. आम्ही अर्धं वाक्य बोलावं आणि या डबेवाल्यांनी तेवढंच उचलून छापावं, लाज नाही मेल्यांना! पेटीऐवजी दुकान आलं, माणूस तोच आहे.

धाकटीला मी दंडाला धरून सोलापूरला नेलं. रडली, भांडली, पण आली. ऑपरेशन झालं. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. आता ती माझ्याकडंच आहे. परवा पडल्या पडल्या तिनं विचारलं, “मायला त्या काढ्यानं जरा तरी गुण आला असंल का गं?” मी फटकन म्हटलं, “न्हाय.” ती भिंतीकडं तोंड करून झोपली.

हा कागद टाकायला टपालपेटी नाही, तेव्हा तुला सांगायला हरकत नाही. त्या भामट्याला खोटं पाडायला मी हा विषय घेतला, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. तसं नव्हतं, माय. तो खरा निघावा म्हणून घेतला होता. तू प्यायलेल्या एखाद्या तरी पेल्यानं तुला बरं वाटलं असावं, एवढंच मी शोधत होते.