फाटकाच्या बदल्यात गोधडी

आई, तू मिळवलेलं फाटक अजून आमच्या बाल्कनीत उभं आहे. अर्धंच. दुसरं अर्धं जरा रुंद, लिफ्टमध्ये मावलं नाही, ते आमच्या नातुरानं, म्हणजे बिल्डिंगच्या वॉचमननं, खाली सायकली बांधायला ठेवून घेतलं. त्यामुळे त्यावर रंगवलेल्या कॉफीच्या किटलीचा दांडा माझ्याकडे आहे आणि चोच पार्किंगमध्ये. परवा बाल्कनी धुताना माझी करंगळी पुन्हा एकदा त्याच्यावर आपटली आणि तुला चांगले चार शब्द सुनवावेसे वाटले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुझ्याशी माझं भांडण काही मिटत नाही बघ.

ते मंदीचं साल तुला आठवतंय ना? दुबईतल्या एका बिल्डरकडे मी टॉवरांची माहितीपत्रकं लिहायचे. टॉवर उभेच राहिले नाहीत, मग माहितीपत्रकं कसली लिहायची? एका गुरुवारी साहेबानं बोलावलं, फार वाईट वाटतंय म्हणाला, आणि खलास. हे नोकरीला होते ती दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातली फॅक्टरी पगार कापून का होईना चालू राहिली, म्हणून शारजाचं घर टिकलं. त्याच महिन्यात तू व्हिजिट व्हिसावर आलीस, लोणच्याच्या बरण्या आणि एक पोतंभर जुने कपडे घेऊन. मी डोक्याला हात लावला. "नोकरी गेली तर गेली," तू म्हणालीस, "अंगावर पांघरूण तरी असू दे." आणि माझ्या सोफ्यावर पाय पसरून, एसी पार गारठेस्तोवर लावून, गोधडी शिवायला बसलीस.

आई, अख्ख्या कराडला तू गोधड्या शिवून दिल्यास. वहिनीला दिलीस, मावशीच्या नातवाला दिलीस, दूधवाल्याच्या बायकोलासुद्धा दिलीस. माझ्या वाट्याला ही पहिलीच. मधे तुझ्या लग्नातल्या शालूचा तुकडा, भोवती बाबांच्या शर्टांचे चौकोन, कोपऱ्यांना लाल तिकोनी ठिगळं. लाल कापड तीन कोपऱ्यांनाच पुरलं. चौथ्याला तू माझ्या शाळेच्या निळ्या पिनाफोरचं ठिगळ लावलंस. "चालतंय की, कोण बघतंय," म्हणालीस. मी बघत होते. रोज संध्याकाळी किती झाली ते बघत होते. नोकरी गेल्यापासून मला हवीशी वाटलेली ती एकच गोष्ट होती.

आता माझ्या खुळाचंही सांगते. रिकामं डोकं, त्यात एका मैत्रिणीनं भरवून दिलं की इथल्या खेड्यांतली रंगीत लोखंडी फाटकं बघ, प्रत्येकावर वेगळं चित्र, प्रत्येकामागे काहीतरी गोष्ट असणार, पुस्तक कर. झालं! मी कॅमेरा घेतला, खटारा गाडी काढली आणि शेजारच्या सीटवर सुईदोऱ्यासकट तुला बसवलं. धैद, दिब्बा, मसाफी, आपण एक खेडं सोडलं नाही. मी मोठ्या आदबीनं विचारायचे, "या खजुराच्या झाडामागची कथा काय?" आणि घरमालक बापडा फाटकाकडे अशा नजरेनं बघायचा की जणू आजच पाहतोय. एकजण म्हणाला, वेल्डरकडे झाडच शिल्लक होतं. दुसरा म्हणाला, मी ससाणा सांगितला होता, हे काय झालंय ते तुम्हीच सांगा, पोरं त्याला कोंबडी म्हणतात. दोन महिन्यांत माझ्याकडे ढीगभर फोटो जमले आणि कथा एक नाही.

तुला मात्र गोष्टी आपसूक मिळायच्या. तू फाटकाबद्दल विचारायचीच नाहीस. सुना किती, गुडघे दुखतात का, पाणी कुठून आणता. आणि ती तुझी हिंदी! मसाफीच्या अलीकडच्या त्या डोंगरातल्या घरी तर तुझी चांदीच झाली. म्हातारबाबा तरुणपणी लाकडी गलबतावरून मुंबईला ये-जा करणारे, आणि त्यांची बायको टीव्हीवरच्या मालिका बघून हिंदी शिकलेली. खजूर झाले, चौथ्यांदा कॉफी झाली, तुमची दोघींची मांडीला मांडी लागली. आणि निघताना तू फाटकाकडे हात करून म्हणालीस, "कितना छान दरवाजा है हो! हमारे गाँव में ऐसा किसीकाच नहीं।"

म्हातारबाबा म्हणाले, "पसंद है? खलास, तुम्हारा।"

तू म्हणालीस, "अहो नको नको, इतना बड़ा कायको!" त्यांनी पुन्हा आग्रह केला, तू पुन्हा नको म्हणालीस. तिसऱ्यांदा त्यांनी छातीवर हात ठेवला, आणि तू पदर सावरत म्हणालीस, "आता इतना बोलते है तो, बरं." आई गं! आपल्याकडे दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा घ्यायचं असतं. त्यांच्याकडे बहुतेक तिसऱ्यांदाही नकोच म्हणायचं असतं, कारण म्हातारबाबांचा हात छातीवर होता तसाच राहिला. पण शब्द तो शब्द. मंगळवारी दोन पठाण पिकअपमधून फाटक घेऊन दारात हजर. हे कामावरून आले, फाटकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "आई, आपल्याला बंगला नाहीये," एवढंच म्हणाले. "होईल की," तू म्हणालीस, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर कुरडया वाळत घातल्यास.

इथवर मी हसत होते. पण शुक्रवारी तू म्हणालीस, गाडी काढ. लोकांनी घराचं दार उपसून दिलं, आपण काय रिकाम्या हातानं बसायचं? मला वाटलं, लाडू देशील. तिथे पोचल्यावर तू पिशवीतून गोधडी काढलीस, माझी गोधडी, आणि त्या बाईच्या मांडीवर पसरलीस. आपण दोघी चेहऱ्यावर हसू ठेवून मराठीत कसल्या भांडलो होतो!

"आई, ती माझी आहे."

"हास की जरा, बघतायत. तुला दुसरी शिवते."

"मला हीच हवी आहे."

"काय हावरी कार्टी आहे! कॉफी घे."

दुसरी काही झाली नाही. परत गेल्यावर तुला मोतीबिंदू झाला, ऑपरेशन झालं, मग बाकीची दुखणी लागली, आणि तू गेलीस. तेराव्याला वहिनीनं तिची गोधडी कपाटातून काढून सगळ्यांना दाखवली. मी तिथून उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. फार राग आला होता तुझा. फार आठवणही आली होती.

पुस्तक झालं नाही. पुढे दुबईच्या देरा भागात एका ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली आणि दिवस कसे गेले कळलं नाही. पण परवाच्या त्या करंगळीनंतर ठरवलं की गोधडी मागून आणायची. रीतच आहे त्यांची. मागावीही लागणार नाही, नुसतं छान म्हटलं की झालं. गाडी तुझ्या नातीनं चालवली. "मम्मा, जस्ट से इट्स नाइस. टू मिनिट्स," ती म्हणाली.

घरापुढे गाडी थांबली आणि आई, मी दार उघडायचं विसरले. तुझ्या फाटकाच्या जागी त्यांनी बसवलेलं नवीन फाटक समोर होतं, आणि त्यावर किटली नव्हती. चौकोन होते. बाबांच्या शर्टांच्या रंगांचे चौकोन, मधे शालूचा जांभळा, तीन कोपरे लाल आणि चौथा निळा. वेल्डरनं निळासुद्धा सोडला नव्हता! सून बाहेर आली. म्हणाली, येणारे-जाणारे थांबून फाटकाची कथा विचारतात, आणि सासूबाई सगळ्यांना सांगतात की हिंदुस्थानातून एक मोठी बाई आली होती, तिला आमचं दार आवडलं. म्हातारबाबा गेले. शेवटच्या आजारपणात त्यांना ती गोधडीच लागायची, दुसरं काही अंगावर घेऊ देत नसत.

आत म्हातारी पलंगावर बसलेली, मांडीवर गोधडी. आता ती तिथून फारशी हलत नाही. तिनं मला ओळखलं, जवळ बसवलं, निळा कोपरा माझ्या हातात दिला. तुझा वास येईल असं वाटलं होतं. उदाचा येत होता. "माँ ने बनाया," ती म्हणाली, "अच्छा है ना?" आणि वाट बघत बसली. तुझी नात मला कोपरानं ढोसत होती.

मी म्हटलं, "ठीक है। ऐसा तो हमारे घर में बहुत पड़ा है।"

 म्हातारी गोधडी गुडघ्यावर नीट ओढून घेत सुनेला म्हणाली, "माँ को बोलना आता था।" गाडीत बसल्यावर तुझी नात म्हणाली, "मम्मा, दॅट वॉज सो रूड!" 

तर आई, तुझ्या हातच्या गोधडीला मी चारचौघांत ठीक म्हणून आले. तू असतीस तर माझी खरडपट्टी काढली असतीस. पण खरं सांगू? फार सुंदर आहे गं ती. इथे म्हणायला हरकत नाही, हे पत्र काही कुणी मसाफीला नेऊन देणार नाही.