कार्डाची बारा मिनिटं

प्रिय मावशी,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष आडवं व्हायला उसंत नाही). तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला गेला का? इथे सगळे मजेत आहेत, म्हणजे बायको आणि मुलगी मजेत आहेत; मी एवढं लिहीपर्यंत तीनदा खुर्चीवरून उठलो.

आमच्या दुकानात जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतात, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या महिन्यात एक नृत्यशिक्षिका आल्या, वय ऐंशीच्या पुढे, हातात कॅसेटच्या दोन पिशव्या. तीस वर्षांच्या तालमी. फिती इतक्या जीर्ण की यंत्रातून एकदा जायच्या आणि पलीकडे भुसा होऊन पडायच्या. म्हणून मालकीणबाईंनी चार डिस्कची एकत्र जोडणी करायला सांगितली. तिला रेड म्हणतात. माहिती चौघींत अशी वाटून ठेवायची की एक डिस्क मेली तरी उरलेल्या तिघी तिचा वाटा पुन्हा उभा करतात (तुम्हा बहिणींपैकी एक रुसली की बाकीच्या तिचं काम उचलायच्या, तसं).

पण ही वाटणी करणार कोण, यावर आमचं वाजलं. माझा सहकारी बॅटरी (जाड भिंगांमुळे त्याला सगळे तेच म्हणतात, त्याची आईसुद्धा) म्हणाला की त्यासाठी वेगळं कार्ड बसवू, त्याच्याकडे एक जुनं आहे. मी म्हटलं, कार्ड कशाला, कॉम्प्युटर रिकामाच बसलेला असतो, सॉफ्टवेअर टाकू, तोच करेल वाटणी. तीन दिवस आम्ही जेवतानाही हेच बोलत होतो. शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "दोन्ही मोजा आणि गप्प बसा."

मग मोजलं. त्याच चार डिस्क, तेच व्हिडिओ. वाचताना दोघं बरोबरीत. लिहायला मात्र कार्डाला चाळीस मिनिटं लागली, सॉफ्टवेअरला बावन्न. मी पुन्हा मोजलं. केबल बदलून मोजलं. बॅटरी बाहेर गेल्यावर गुपचूप मोजलं (त्रेपन्न आली). हरल्यावर माणसाने शांत बसावं, पण मला ते जमत नाही. मी ऐटीत जाहीर केलं की सगळ्या तालमी कार्डावरच टाकू, मी काही हट्टी माणूस नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी कार्ड मेलं. चारही डिस्क ठणठणीत, पण आत काय आहे ते कुणाला वाचता येईना, कारण वाटणी त्या कार्डाने आपल्या पद्धतीने केलेली. ती उलगडायला तसंच कार्ड हवं, आणि ते बनणं कधीच बंद झालंय. सॉफ्टवेअर असतं तर डिस्क उचलून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्या असत्या. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं. पण मी घड्याळ घेऊन बसलो होतो, आणि घड्याळात हे मोजता येत नाही.

नृत्याच्या बाई येत्या सोमवारी तालमी बघायला येणार आहेत. मालकीणबाई दिवसभर बॅटरीला बोलतात, कार्ड त्याचं म्हणून. असो. तब्येतीला जप. काकांना नमस्कार.

तुझा धडपड्या भाचा

ता. क. तुझ्या इस्पितळात भंगारात काढलेले कॉम्प्युटर तुझ्याच ताब्यात असतात ना? सोबत कार्डाचा फोटो आणि नंबर पाठवतोय. एखाद्यात तसं निघालं तर तुमच्या साहेबांना विचारून शनिवारपर्यंत दे. मी स्वतः न्यायला येतो.

ता. क. दुसरा. कार्ड म्हातारपणाने मेलं नाही. त्यावर वारा सोडणारा पंखा घरघर करायचा, माझं लक्ष लागेना, म्हणून मी आदल्या दिवशी तो काढून ठेवला. कार्ड तापून गेलं. पंखा काढताना बॅटरीने मला पाहिलं होतं. तो अजून कुणाला काही बोललेला नाही. काल त्याने न मागता माझ्यासाठी चहा आणला. मावशी, कार्ड मिळो न मिळो, हे पत्र टाकलं की मी मालकीणबाईंच्या खोलीत जातोय. पाचव्यांदा उठलोच आहे.