खिडकीतली नवरी

कार्ताहेना, १२ जानेवारी

चि. नोएमीस अनेक आशीर्वाद.

बोगोटाच्या थंडीत तुझे गुडघे काय म्हणतात? इथे माझं डोकं तापलंय. संध्याकाळी वाऱ्याला मी रस्त्याकडच्या खिडकीत झुलत्या खुर्चीवर बसते, आई बसायची तशी. गेला महिनाभर एक गाइड शहराची तटबंदी दाखवून झाली की पर्यटकांचा घोळका माझ्यासमोर आणून उभा करतो. म्हणे, ही पन्नास वर्षं आपल्या दर्यावर्दी नवऱ्या मुलाची वाट पाहतेय. ऐन लग्नादिवशी तो जहाजावर चढला तो आलाच नाही! काल एका बाईने गजांतून हात घालून माझा गाल कुरवाळला. मी जन्मभर पोरींना भूगोल शिकवला, आईची आजारपणं काढली, आणि वाट पाहिली ती फक्त नळाच्या पाण्याची. या मेल्याची तक्रार कुठे करायची, ते तुझ्या वकील जावयाला विचारून कळव.

तुझी, अजून कुणाचीच नवरी नसलेली,
ओर्तेन्सिया

बोगोटा, २५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

पोट धरून हसले. तक्रार कसली करतेस, तो आपला विल्मर, माझा नातू! बाप्तिस्म्यानंतर तू त्याला पाहिलंस कुठे? गोष्ट मीच दिली त्याला. तुझं खरं आयुष्य ऐकायला कोण थांबणार, सांग बरं?

आता कामाचं. शेजारच्या हॉटेलला आपल्या दोघींच्या नावावरचं घर हवंय, आणि तेही खिडकीतल्या तुझ्यासकट. सही कर. पुढची खोली तू असेपर्यंत तुझीच, असं हॉटेलचे मालक स्वतः म्हणाले. रोज संध्याकाळी पांढरे कपडे घालून बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, एवढीच अट. त्यातलं दुसरं तुला जड जाईल, हे मी त्यांच्या कानावर घातलंय. छत गळतंय, ताई. मला कोर्टात जायला लावू नकोस.

धाकटीवर माया असू दे.
नोएमी

कार्ताहेना, ३ एप्रिल

चि. नोएमीस आशीर्वाद.

सही केली. आई गेली त्याच खोलीत मला मरायचंय, बाकी काही नको. म्हणून ती टोचरी लेस अंगावर घालून दोन महिने मुकी बसले.

गुरुवारी मात्र एक फ्रेंच पोरगी खिडकीशी डोळे पुसायला लागली. तिचा नवरा तिला म्हणाला, हिचं तोंड बघ, तो पळाला यात नवल काय! शाळेत नन्सनी मला छड्या मारून फ्रेंच शिकवलंय. मी उठले आणि त्या पोरीला त्याच भाषेत सांगितलं, की जहाज नव्हतं, नवरा नव्हता, आणि तुझा पाहिल्यावर तर मुळीच नको. गाइड माझ्या बहिणीचा नातू असून थापाड्या आहे, हेही सगळ्यांना ऐकवलं. लोक पैसे परत मागत होते आणि विल्मर शेपूट घालून पळाला. रात्री नारळभात दोनदा वाढून घेतला.

कधी नव्हे इतकी खूश,
ओर्तेन्सिया

बोगोटा, १० एप्रिल

ती. ताईस न.

मालकांचा फोन आला. लोकांना दुःखी म्हातारी हवी असते, भांडखोर नको. खोलीचं बोलणं तोंडी होतं, कागदावर काही नाही. सही घेताना मला ते ठाऊक होतं. सोमवारी तुझ्या पेट्या तुर्बाकोच्या वृद्धाश्रमात पोचतील. तिथे नन्सच आहेत, तुझं जमेल. खुर्ची तिथेच राहील, ती विक्रीत धरली होती.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.
नोएमी

तुर्बाको, २ जून

नोएमी,

काल बसने शहरात गेले होते. माझ्या खुर्चीत, माझ्याच लेसमध्ये दुसरी कुणीतरी बसलीय. ठार बहिरी आहे म्हणतात, त्यामुळे तिला गप्प बसणं सोपं. विल्मर रंगात आला होता. बरं सांगतो पोरगा. आता त्यात वादळही घातलंय.

मी खिडकीसमोर जाऊन उभी राहिले. त्याने मला पाहिलं, ओळखलं, क्षणभर अडखळला. मग सगळ्यांदेखत अगदी गोड आवाजात म्हणाला, की आजीबाई, जरा बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय.

आणि मी सरकले.

ओर्तेन्सिया