दुसरी खोली

आई,
तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी सांगतो, मी बरा आहे.

काल फोनवर मी "खोली गेली" म्हणालो आणि तू राहायची खोली समजलीस. ती आहे. खिडकीसकट आहे. मी रस्त्यावर आलेलो नाही, तू शांत झोप.

गेली ती नजरेतली खोली. लाकडाचा ढलपा उडून डावा डोळा गेला, हे दादाने तुला सांगितलंच आहे. उजवा ठणठणीत आहे. सुतार तसाही एक डोळा मिटूनच फळी सरळ आहे का बघतो, असं मी इथे सगळ्यांना हसत सांगायचो.

पण एका डोळ्याला सगळं भिंतीवरच्या चित्रासारखं सपाट दिसतं गं. जवळ काय, लांब काय, उमगत नाही. कपात ओतलेला चहा ओट्यावर सांडतो. हातोडी खिळा सोडून बोटावर बसते. मिस्त्रींनी मला करवतीवरून काढून पॉलिश पेपर घासायला बसवलंय. हल्ली ते माझ्याशी फार गोड बोलतात, तेच खटकतं.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी वेळेवर जेवते ना?

"गेली तर गेली, दुसरी मिळेल," असं तू म्हणालीस, ते आज डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. एरवी त्या हसऱ्या आहेत. आज हसल्या नाहीत.

तुझाच,
मधला