२५३ चं शिखर

१८ नोव्हेंबर, सातारा

नाही आलं. आजही नाही. तांबं, लोखंड, गंधक – तीच वजनं, तीच भट्टी, तोच लेझर. आलेखात २९२ ला शिखर ठणठणीत, म्हणजे चाल्कोपायराइट, तांबे-लोखंडाचं नेहमीचं खनिज. ते काय, सगळ्यांनाच मिळतं. ज्याच्यावर माझी पीएचडी उभी आहे ते २५३ चं शिखर मात्र गायब. ऑक्टोबरभर प्रत्येक नमुन्यात होतं. तांबे-लोखंडाच्या कुठल्याच खनिजाशी जुळत नव्हतं. "ब्राह्मी, ही नवी फेज आहे, नवंच संयुग!" संयोगिता मॅडम म्हणाल्या आणि पेपर पाठवूनही मोकळ्या झाल्या. पहिलं नाव माझं. गाइड असावी तर अशी, असं तेव्हा वाटलं होतं.

२० नोव्हेंबर

नाही.

२३ नोव्हेंबर, आष्टा

रविवार म्हणून घरी. अण्णा दुकानात येईल त्याला सांगतात, "पोरीनं नवा धातू शोधलाय." धातू नाही हो अण्णा! आणि आता तर काहीच नाही. दिवस मावळायच्या आत आईने ताट वाढलं. दोन घास खाऊन उठले.

"लय वाळलीयास गं," म्हणाली.

२६ नोव्हेंबर, सातारा

कळलं.

नमुना दाबून बसवायची वाटी कडेला वाकली म्हणून या महिन्यात नवी घेतली होती. आज जुनी शोधून काढली, रिकामीच लेझरखाली धरली. २५३! तळाच्या खाचेत लाल कण. खंडेनवमीला प्रयोगशाळेतली सगळी यंत्रं पुजली होती, त्याचं कुंकू. पुडीत उरलेलं तपासलं. त्यात हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. मी शोधत बसले तांब्या-लोखंडाच्या यादीत. पाऱ्याची आठवण कुणाला होणार?

नवी फेज म्हणे. वाण्याकडे पुडीत मिळते.

आधी हसले. मग दार लावून रडले.

२७ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं. पेपर मागे घ्यायचा, एवढंच म्हणाल्या. त्या बाबतीत बाई खरी. मग विचारलं, "वाटीच्या आत कुंकू? कोंडीबाच ना? दरवर्षी पूजा तोच करतो."

कोंडीबा आमचा शिपाई. कुंडलचा. अकरा वर्षं कंत्राटावरच आहे. मी खाली बघत राहिले. बोलायचं त्राणच नव्हतं.

१ डिसेंबर

पेपर मागे घेतला. तीन वर्षं पाण्यात. अण्णांचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही.

३ डिसेंबर

कोंडीबाला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मॅडमनी नाही, ऑफिसने. कपाटातला डबा, टॉवेल, जुनी चप्पल पिशवीत भरत होता. मी दारात उभी.

"जिवाला लावून घेऊ नगा मॅडम," म्हणाला. "तुमी हुशार हायसा. परत करशीला."

किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि स्टँडकडे गेला.

आज काहीच खाल्लं नाही.

४ डिसेंबर

खंडेनवमीला त्याने मला अडवलं होतं. "आत नगं मॅडम, भायेरनंच लावा." नऊ महिने एक धड निकाल नव्हता, म्हणून वाटीत कुंकवाचं बोट मीच टेकवलं होतं.