तांबड्याचा तिसरा किल्ला

९ एप्रिल

रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई. कारण लिवते, कुणाला सांगता येत न्हाई म्हणून. तांबडा माज्या किल्ल्याच्या पायथ्याला येऊन बसला हुता.

तांबडा म्हंजी कंप्युटरातला राजा. नाव इंग्रजीत हाय, मला वाचाय येत न्हाई. झेंडा तांबडा म्हणून तांबडा. माजा झेंडा हिरवा. दादानं शिमग्याला ह्यो कंप्युटर आणून ठिवला. माजा थोरला भाऊ, शिवऱ्याला त्याचं दुरुस्तीचं दुकान हाय, तिथं कुणीतरी सोडून दिलेला ह्यो जुना डबा. म्हणला, तायडे, सातवी झालीय तुजी, टायपिंग शीक, कुठंतरी लागशील. ही वही बी त्यानंच दिली, टायपिंगचं लिवून ठिवाय. टायपिंगचं एक पान बी भरलं न्हाई. आत गेम हुता.

जुन्या काळाचा हाय. गाव आपलं, शेतं आपली, शिपाई आपलं. डोंगर, नदी, किल्ला. सगळं नेमून दिलं की कोपऱ्यातलं बटण दाबायचं, एक साल सरतं. मग पुढचं साल. म्या म्हणलं एवढं एक साल आन झोपते. तेरा सालं झाली. पहाटं हे दुधाच्या टेम्पोवर जायाला उठलं, कडी वाजली, तर मला वाटलं तांबडाच आला.

११ एप्रिल

गेमात कोपऱ्यात एक म्हातारा बसतो, पागोटंवाला, पांढऱ्या मिशा. सल्ला द्यायला आसावा. इंग्रजीत बोलतो, मला काय कळत न्हाई. थेट भिंतीवरच्या फोटुतल्या मामंजींवानी दिसतो. सासरे जाऊन सहा सालं झाली, मी फोटुतच बघितलंय. पैल्या दिवशी डोक्यावर पदर घिऊन खेळले. आता घेत न्हाई, पण काय चुकलं तर त्याच्यापुढं लाज वाटती.

चित्रं बघून शिकले. पोतं म्हंजी धान्य. कुऱ्हाड म्हंजी लाकडं. मशाल कशाला हाय ते अजून कळलं न्हाई.

हे विचारतात, टायपिंग कुठवर आलं. म्हणते, चाललंय.

१४ एप्रिल

आज लई आनंद. तांबडा उठून गेला.

त्याची माणसं हजार, माजी दोनशे. बाहेर काढली असती तर कापून काढली असती. म्या काय केलं, लढाईला कुणाला धाडलंच न्हाई. आदल्या दोन सालात सगळं भात गडावर नेऊन भरलं. पावसाच्या आधी आपण जळण, मीठ, तेल, सुकट भरतो, तसं. आन दार लावून घितलं. तो खाली बसला. बसू दे म्हणलं. त्याचीच माणसं उपाशी मराय लागली. तिसऱ्या साली गेला.

दुपारी दादाला फोन केला, टायपिंगचं विचारायचं म्हणून. तोंडातनं तेच निघालं. तो मग म्हणला, "मी बी खेळलोय, तिथं दोनदा हारलो, तायडे. तू काय केलंस?"

"भात आत घितलं आन दार लावलं."

"एवढंच?"

"एवढंच."

फोन ठिवल्यावर लेकीला, ईशूला, उचलून घरभर फिरवलं. ती आडीच वर्साची, तिला वाटलं सण हाय. दादानं आजपातूर मला कशाचं कसं केलंस म्हणून विचारलं न्हवतं.

१७ एप्रिल

लाइट गेली. तांबड्याचा पैला किल्ला घिऊन झाला, दुसरा घेत हुते, निम्मी माणसं भिंतीवर चढली हुती. सेव्ह करायचं राहिलं. सगळं पुसलं.

डोळ्यातनं पाणीच आलं. हे जेवाय आलं तर म्हणलं, "कोण गेलं?" चारशे माणसं गेली म्हणून कसं सांगू. म्हणलं, कांदा कापत हुते. ताटात कांदा न्हवता.

आत्या म्हणल्या, "सूनबाईचं ध्यान टायपिंगनं उडालं. भाकरी बघ, चंद्रावानी डाग पडलेत." सासू हसून बोलती तवा जास्त लागतं.

२० एप्रिल

दुसरा किल्ला घितला. घितला. घितला. ईशूनं घोड्याला घोला म्हणून हात लावला, स्क्रीनला गूळ चिकटला, तेवढ्यात दरवाजा फुटला.

आता तिसरा. त्यो उंच हाय. एका अंगाला कडा, तीन अंगाला वाळलं गवत. दादा म्हणतो, तिथनं पुढं तो कधीच गेला न्हाई.

दिवसभर राबाचं काम. भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण पसरलं, त्याच्यावर कवळाच्या फांद्या, मग पालापाचोळा, गवत, वरनं बारीक माती. परवा तेरवा भाजायचा. डोक्यावर पाटी घिऊन बांधावर उभी राहिले आन समोर राजगड. लग्न झाल्यापासनं रोज बघतीय. आज पैल्यांदा मनात आलं, पाणी कुठं आसंल. कुठल्या अंगानं चढलं असतं लोक. किती भात पुरलं आसंल. आत्या म्हणल्या, पाटी टाक की खाली, का डोक्यावरच भाजायचा हाय राब.

२४ एप्रिल

नीट लिवता येत न्हाई तरी लिवते.

सकाळी राब पेटवायचा हुता. वारं पच्छिमेचं. आत्या म्हणल्या, पूर्वेच्या टोकानं लाव, वाऱ्याच्या तोंडावर सावकाश जळत जाऊ दे. मला काय म्हाईत न्हाई व्हय, माहेरी बी भात हाय. त्या खालच्या वावरात दुसरा राब बघाय गेल्या. ईशू आंब्याला बांधलेल्या झोळीत झोपली हुती.

सावकाश म्हंजी दोन तास हुबं राहायचं, हातात वलं पोतं घिऊन. तिकडं तिसऱ्या किल्ल्याखाली माजी माणसं बसलेली. म्या पच्छिमेनं लावलं. वाऱ्याबरोबर भरकन जळंल, मोकळी हुईन. जरा बघितलं, बरं जळत हुतं. घर वीस पावलं. म्हणलं एक साल.

तीन सालं झाली आसतील. धुराचा वास आला. धुराचा वास आला तर म्या स्क्रीनवर बघितलं, माजं कुठलं गाव जळतंय.

मग आत्यांची आरोळी ऐकली.

आग बांध वलांडून पेंढ्याच्या गंजीला लागली हुती, आन आंब्याखालच्या गवताला. आत्यांच्या कडंवर ईशू, दुसऱ्या हातानं पोतं आपटत हुत्या. आमी दोघींनी विझवलं. गंजी गेली. झोळीचं एक टोक कोळसा झालंय. ईशूला काय न्हाई. केस बी जळला न्हाई. म्या दहादा बघितलं. आत्यांच्या हाताला फोड आलेत.

त्यांनी विचारलं, कुठं हुतीस.

म्या म्हणलं, पाण्याला.

२५ एप्रिल

वायर काढली. डब्यावर पोतं टाकलं. आत्यांच्या हाताला कोरफड लावली. ह्यांना सांगितलं, वारं फिरलं.

दादाला फोन केला, ये आन घिऊन जा म्हणून सांगाय. त्यानं उचलल्या उचलल्या विचारलं, तिसरा घितलास का. म्या म्हणलं, न्हाई, कड्याच्या अंगानं चढत न्हाईत माणसं. तो म्हणला, माजी बी न्हवती चढत. पंधरा मिनटं बोललो. फोन ठिवला तवा ध्यानात आलं, ज्यासाठी केला ते राहिलंच.

२९ एप्रिल

चार दिवस हात लावला न्हाई. ईशूच्या मागनं सावलीवानी फिरते. ती झोपली की नाकाला बोट लावून बघते.

आन आज जळल्या राबात बसून काटकीनं राखंत काय काढत हुते, तर तिसरा किल्ला. कडा, तीन अंगाचं गवत, दार. कुणी बघितलं तर काय म्हणंल. पायानं पुसलं. परत काढलं.

दुपारी आत्या वेल्ह्याला बाजाराला गेल्या. ईशूला मांडीवर घिऊन, पदर तिच्या कमरंला बांधून मग बसले. म्हणलं अशी कुठं जाती. एक साल. सात.

खरं लिवते. बटण दाबलं आन मागची चार दिवसांची भीती कुठल्या कुठं गेली. त्याचीच आता भीती वाटती.

४ मे

आज धरले गेले.

आत्या जांभळं घिऊन लवकर आल्या, मागं कवा हुबं राहिल्या कळलंच न्हाई. मांडीवर ईशू झोपलेली, पुढं तांबडा. मी उठाय लागले तर खांद्यावर हात ठिवला. म्हातारा बघितला आन म्हणल्या, "ह्यो तर तुजं मामंजीच. ते बी असंच, नुसती मान हलवायचं."

मग टेकल्या. ह्यो कोण, त्यो कोण. म्या सांगितलं. तांबडा, हिरवी, तिसरा किल्ला, कसं चढत न्हाई. त्या लई येळ बघत राहिल्या. म्हणल्या, झेंडं कुठं फडफडतायत बघ. मी महिनाभर खेळतीय, झेंड्याकडं कधी बघितलं न्हवतं. सगळं झेंडं पूर्वेकडं.

"म्हंजी वारं पच्छिमेचं. आन गवत वाळलंय. लाव की पच्छिमेनं. त्या दिशी राबाला लावलीस तशी."

माजा हात माऊसवर तसाच राहिला.

"आन तू पाण्याला गेली न्हवतीस. घागर कोरडी हुती."

मला वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं हुतं. मी रडाय लागले. त्यांनी ईशूला माज्या मांडीवरनं उचलून सोताच्या मांडीवर घितलं, फोडाचा हात तिच्या डोक्यावर ठिवला. म्हणल्या, माज्या लेकाला सांगायचं का न्हाई ते मी बघीन. परत पोरीला सोडून उठलीस तर मी तुला सोडणार न्हाई.

आन स्क्रीनकडं मान केली. "त्ये पेटलेलं लाकूड कशाला हाय मग? लाव."

मशाल. दाबली. पच्छिमेच्या अंगाला नेली. गवत पेटलं, वारं निघालं, आग सरसर वर. तांबड्याची बाहेरची छावणी सगळी गेली. आत्या हळूच म्हणल्या, आता कुठं जातोय बघू.

७ मे

आमचा नेम असा. एक खेळती, दुसरी ईशूला धरती. पदर बांधून. साल झालं की बदल. आत्यांना माऊस जमत न्हाई, त्या बोटानं दावतात आन मी दाबते, म्हंजी नेम पैल्याच दिवशी मोडला. पण मजा लई. अशी मजा मला ह्या घरात आली न्हवती. त्या सांगतात, खालच्या वाडीला बैल कमी हायत, शिपाई कमी कर, औत वाढव. केलं. दुप्पट भात. म्हातारा मान हलवतो, आत्या म्हणतात, तुमी गप बसा.

आज दोघी येवढ्या हसलो की हे दारातनंच म्हणलं, टायपिंगला येवढं हसू कसं येतं.

आत्यांनी काय सांगितलं न्हाई.

१० मे

तिसरा किल्ला आज पडणार हुता. आतलं दार राहिलं हुतं. तांबड्याकडं शंभर माणसं, माज्याकडं आठशे. आत्या माज्या डाव्या अंगाला, म्हणत हुत्या, घाई नगं, पाण्याचं टाकं धर आधी. मी टाकं धरलं. दोघी पुढं वाकलो हुतो.

पदर हलका लागला. बघितलं तर टोक नुसतं लोंबतंय. मी म्हणलं, ईशू तुमच्याकडं हाय ना. आत्या म्हणल्या, तुज्याकडं हाय.

गोठ्यात हुती. नव्या व्यालेल्या म्हशीखाली. ही म्हस मला सुदिक रेडकाजवळ येऊ दीत न्हाई, परवा ह्यांना भिंतीला दाबलं तिनं. ईशू रेडकाच्या गळ्यात हात टाकून बसलेली. म्हस मान खाली घालून फुसफुसत हुती. आत्यांनी आंबोणाचं घमेलं दावून म्हशीचं तोंड फिरवलं, म्या रांगत जाऊन पोरीला वढून काढलं. ती म्हणाली, घोला.

आमी दोघी गोठ्याच्या दारात तशाच बसलो. आत्या माज्याकडं बघंनात, मी त्यांच्याकडं बघंना. हिच्या भरवशावर मी आन माज्या भरवशावर ही.

उठून दादाला फोन केला. म्हणलं, आजच्या आज टेम्पो घिऊन ये आन डबा ने. त्यानं विचारलं, का, तिसरा पडला का. म्या म्हणलं, आतलं दार राहिलंय. बास. पुढं काय बोलले ते लिवाय लाज वाटती. आत्यांनी फोन वढून घितला, म्हणल्या, थांब, मीच त्याला झापते. आन त्याला वारं कुठल्या अंगाचं हुतं ते सांगाय लागल्या. तो म्हणला, रविवारी येतो. न्यायला न्हाई. बघायला.

तवाच लाइट गेली. अंधार न्हाई, दुपार हाय, पण दोघी बघत बसलोय त्या काळ्या स्क्रीनकडं. मी वही घिऊन पडवीत आले. ईशू मांडीवर हाय. पदराला तीन गाठी मारल्यात.

ही वही कुणाला घावली आन वाचली तर एवढं करा. माज्या भावाला फोन करा. नंबर दाराच्या मागं कोळशानं लिवलाय, शिवऱ्याचा दादा म्हणून. त्याला सांगा, रविवारची वाट बघू नगं, टेम्पो घिऊन ये आन डबा घिऊन जा. त्यानं तिसऱ्या किल्ल्याचं विचारलं तर काय सांगू नगा. मला फोन दिऊ नगा. आत्यांना तर मुळीच नगा. झोळीचं जळलं टोक म्या फडताळात ठिवलंय, त्येवढं त्याला दावा.

लाइट आली वाटतं. आत्या हाक मारतायत. आधी फोन करा